नळी निघाली, भोक राहिलं: गळ्यावरचं छिद्र बुजवण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रॅकिओस्टॉमीची (श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत घातलेली) नळी निघून महिने उलटले तरी गळ्यावरचं भोक बुजत नाही, अशी तक्रार घेऊन पुण्यात कान-नाक-घशाच्या ओपीडीत येणाऱ्यांत दुचाकीच्या अपघातात डोक्याला मार लागलेली तरुण मुलं असतात, तसे पक्षाघातानंतर किंवा न्यूमोनियात बराच काळ व्हेंटिलेटरवर राहिलेले आजी-आजोबाही असतात. दुखणी वेगळी, पण प्रश्न बहुतेक तेच. तुमच्या रुग्णाचा निर्णय मात्र तपासूनच होईल, हे धरून पुढचं वाचा.

नळी काढून चार महिने झाले. आयसीयूतले डॉक्टर म्हणाले होते, "आपोआप बुजेल." मग बुजलं का नाही?

त्यांनी चुकीचं सांगितलं नव्हतं. बहुतेकांचं भोक खरंच काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत मिटतं. पण नळी फार काळ राहिली की बाहेरची कातडी भोकाच्या कडेने आत उतरू लागते आणि आतलं श्वासनलिकेचं अस्तर बाहेर सरकतं. दोघांची गाठ पडली की तो सगळा बोगदा आतून मढवला जातो. टोचलेल्या कानातलं काढून ठेवलं तरी भोक राहतं, त्यातलाच हा प्रकार. शरीराच्या लेखी आता तिथे जखमच नाही, मग भरून यायचं काय? म्हणून मलम, हळदीचा लेप, घट्ट पट्टी यांनी अशा भोकाला काही फरक पडत नाही. हळदीने तर कोवळ्या कातडीची आग होते आणि पूड आत गेली की खोकल्याची उबळ येते. लावू नका.

आटोक्यात नसलेला मधुमेह, खंगलेलं शरीर, बरेच दिवस चाललेली स्टिरॉइडं, मानेवर घेतलेलं रेडिएशन, जखमेत झालेला पू, तंबाखू-सिगारेट, ही सगळी भोक न बुजण्याची कारणं आहेत. काही वेळा नळी घालतानाच श्वासनलिकेच्या भिंतीची एक झडप कापून खालच्या कातडीला टाचलेली असते. त्यामुळे नळी बदलणं सुरक्षित होतं, पण पुढे भोक बुजायला वेळ लागतो. आणि या सगळ्यांच्या वर एक कारण आहे, ते म्हणजे भोकाच्या वरची वाट अरुंद असणं. श्वास नेहमी सोप्या वाटेने जातो. वर अडथळा असेल तर तो भोकातून ये-जा करत राहतो आणि भोक उघडं ठेवतो.

किती दिवस वाट बघायची?

मोठ्या माणसात साधारण तीन महिने. त्यानंतरही भोक उघडं असेल तर ते आपोआप मिटण्याची आशा फारशी नसते. लहान मुलांत सहा महिने ते वर्षभर थांबतात.

भोक अगदी बारीक आहे, बाबांना काही त्रास नाही. राहू दिलं तर चालेल?

कधी कधी चालतं. अंथरुणाला खिळलेल्या, पुन्हा नळी लागण्याची शक्यता असलेल्या किंवा भूल सोसणार नाही अशा रुग्णाच्या मागे आम्ही ऑपरेशनचा तगादा लावत नाही. रोज स्वच्छ पुसून वर गॉजची घडी ठेवली की भागतं.

पण "त्रास नाही" हे एकदा नीट तपासून पाहा. बरेच जण नकळत त्रासाची सवय करून घेतात. भाजीवाल्याशी बोलायचं म्हणजे आधी रुमालाची घडी गळ्यावर दाबायची, फोन एका हातात आणि दुसऱ्या हाताचं बोट भोकावर, पाहुणे आले की शर्टाचं वरचं बटण लावायचं. खोकला आला की कफ तोंडाऐवजी गळ्यातून उडतो म्हणून लग्नकार्याला जाणं बंद होतं. खोकताना आधी आत दाब साठावा लागतो. भोकातून हवा निसटली की तो साठत नाही, खोकला दुबळा पडतो, छातीत कफ राहतो आणि दर पावसाळ्यात न्यूमोनियाची भीती. शिवाय नाकात हवा गाळली जाते, ओलसर होते, कोमट होते. भोकातून जाणारी हवा बांधकामाच्या धुळीसकट आणि डिसेंबरच्या सकाळच्या कोरड्या गारव्यासकट थेट आत जाते. आंघोळीला तांब्या डोक्यावरून ओतता येत नाही, पोहणं तर सोडूनच द्या. हे सगळं मोजल्यावर "त्रास नाही" म्हणणारे बरेच जण विचार बदलतात.

नुसते टाके घालायचे तर दुर्बीण, सीटी स्कॅन हे सगळं कशाला? उगाच खर्च वाढवताय का?

हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि तो विचारलाच पाहिजे. उत्तर असं की टाके घालणं हा या कामातला सोपा भाग आहे. अवघड भाग आहे तो भोक बंद केल्यावर माणूस श्वास कुठून घेणार, याची खात्री करणं.

व्हेंटिलेटरची तोंडातून घातलेली नळी आणि नंतरची गळ्यातली नळी, दोन्हींच्या घर्षणाने आत इजा होऊ शकते. स्वरयंत्राच्या खालचा भाग वण येऊन अरुंद होतो. भोकाच्या वरच्या कडेला लालसर मांस वाढतं. तिथली कूर्चा (लवचीक, मऊ हाड) नळीच्या दाबाने आत खचते. स्वरतंतू हलेनासे होतात. यातलं काहीही बाहेरून दिसत नाही. रुग्ण आरामात बसलेला असतो, कारण त्याला लागेल तेवढी हवा भोकातून मिळत असते. अशा माणसाचं भोक शिवून टाकलं तर भूल उतरताना त्याचा श्वास कोंडतो आणि त्याच टेबलावर पुन्हा नळी घालायची पाळी येते.

म्हणून नाकातून लवचीक दुर्बीण घालून स्वरयंत्र आणि त्याखालची वाट बघतात. लागलं तर भूल देऊन ब्रॉन्कोस्कोपी (श्वासनलिकेत दुर्बीण घालून तपासणी) करतात, आणि अरुंद भाग किती लांब आहे हे ठरवायला सीटी काढतात. त्याआधी एक बिनखर्चाची चाचणी असते. भोकावर हवाबंद चिकटपट्टी लावायची आणि रुग्णाला बोलू द्यायचं, जिना चढू द्यायचा, रात्री झोपू द्यायचं. अर्थात हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली. घरी स्वतःच्या मनाने करू नका. पट्टी लावल्यावर घुरघुर सुरू झाली, छाती आत ओढली जाऊ लागली किंवा झोपेत ऑक्सिजन उतरला, तर आधी वरचा अडथळा काढायचा. भोक त्यानंतर.

दुर्बीण न घालता थेट तारीख देणारा सर्जन भेटला तर दुसरं मत घ्या, असं मी स्पष्टच सांगेन.

भोक बुजवायला "फ्लॅप" वापरतात म्हणे, तो काय असतो? दुसरीकडची कातडी काढून लावतात का?

कातडी पूर्ण सुटी करून दुसरीकडे लावली तर ती ग्राफ्ट. तिला नव्या जागेवरून रक्त मिळालं तरच ती जगते. फ्लॅपमध्ये कातडीचा किंवा स्नायूचा तुकडा एका बाजूने शरीराला जोडलेलाच ठेवतात आणि वळवून हव्या त्या जागी आणतात. त्याचा रक्तपुरवठा त्याच्यासोबत येतो. सतत हवा आणि कफ लागणाऱ्या जागेत असा स्वतःच्या रक्तावर जगणारा तुकडा जास्त भरवशाचा.

पुणेकरांना हे परकं वाटायचं कारण नाही. १७९४ साली लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये कावसजी नावाच्या बैलगाडीवानाची हकिकत छापून आली. इंग्रज सैन्याबरोबर असताना तो टिपूच्या हाती सापडला होता आणि त्याचं नाक कापलं गेलं होतं. पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या समाजातल्या एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी वळवून खाली आणली आणि नवं नाक बसवलं. ते वाचूनच लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ साली तशी शस्त्रक्रिया केली. त्या पुण्याजवळच्या माणसाचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही, याची मला नेहमी चुटपुट वाटते.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात?

पद्धती बऱ्याच आहेत. अगदी बारीक भोकाचं आतलं अस्तर रसायनाने जाळून किंवा खरवडून काढलं की जखम पुन्हा ताजी होते आणि भरते. कधी संपूर्ण बोगदा कापून काढतात आणि थर-थर शिवतात. मध्यम भोकासाठी नेहमी केला जातो तो उलटा फ्लॅप. तो असा.

भोकाभोवती काही मिलिमीटर कातडी सोडून गोल छेद घेतात. ही सोडलेली कातडी भोकाच्या कडेला चिकटलेलीच ठेवायची आणि बाहेरच्या कडेपासून हळूहळू उचलत न्यायची. मग ती आत उलटवायची. कातडीची गुळगुळीत बाजू आता श्वासनलिकेच्या पोकळीकडे तोंड करते आणि कच्ची बाजू वर येते. समोरासमोरच्या कडा विरघळणाऱ्या बारीक टाक्यांनी जोडल्या की आतली भिंत तयार झाली. इथे एक छोटीशी परीक्षा घेतात. जखमेत सलाईन ओततात आणि भूलतज्ज्ञाला फुप्फुसात हलका दाब द्यायला सांगतात. बुडबुडा आला तर तिथून हवा गळते आहे, तिथे आणखी एक टाका. सगळ्यांच्या नजरा त्या चमचाभर पाण्यावर असतात.

त्यावर दुसरा थर स्नायूंचा. गळ्याच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना उभे पातळ स्नायू असतात, ते सैल करून मध्ये आणतात आणि शिवतात. हा थर फार महत्त्वाचा आहे. त्याने भिंतीला बळकटी येतेच, शिवाय कातडी आणि श्वासनलिका एकमेकींपासून सुटतात. घोट गिळताना गळ्यावरचा खड्डा वर-खाली होतो ना, तो या दोघी एकमेकींना चिकटल्यामुळे. शेवटचा थर बाहेरच्या कातडीचा. ती बाजूने सैल करून पुढे सरकवतात किंवा वळवून आणतात, म्हणजे ताण पडत नाही.

नुसती वरची कातडी ओढून शिवली तर? खोकल्यासरशी हवा कातडीखाली शिरते, मान फुगते आणि टाके उसवतात.

कातडी आत उलटवली तर आत दाढीचे केस वाढतील?

हसू येईल, पण प्रश्न रास्त आहे. केसांची मुळं असलेली कातडी आत गेली तर केस वाढू शकतात, त्यांवर कफ सुकून खपल्या धरतात आणि खोकला मागे लागतो. बहुतेकांच्या गळ्याच्या त्या खालच्या भागात केस विरळ असतात. दाढी खालपर्यंत उतरलेली असेल तर फ्लॅप बिनकेसांच्या बाजूने घेतात किंवा वेगळी पद्धत निवडतात.

भोक मोठं आहे आणि मानेला रेडिएशनही झालं आहे. तरी जमेल?

जमतं, पण ते मोठं काम आहे. रेडिएशन झालेल्या कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आक्रसलेल्या असतात. तीच कातडी उलटवून शिवली तर टाके धरत नाहीत. मग रक्तपुरवठा बाहेरून आणावा लागतो: मानेच्या बाजूचा मोठा स्नायू, छातीचा स्नायू किंवा छातीच्या वरच्या भागाची कातडी वळवून. श्वासनलिकेची पुढची भिंतच मोठी गेली असेल तर आधारासाठी कानाची किंवा बरगडीची कूर्चा घालतात. क्वचित हाताची कातडी रक्तवाहिन्यांसकट काढून सूक्ष्मदर्शकाखाली मानेतल्या वाहिन्यांना जोडतात. अशा वेळी प्लास्टिक सर्जन सोबत असतात. आधी कर्करोग झाला असेल तर भोकाच्या कडेचा तुकडा तपासून तो परतलेला नाही ना, हे बघणं पहिलं.

आमची मुलगी पाच वर्षांची आहे. तिचंही असंच करतात का?

मुलांची श्वासनलिका मुळात चिमुकली, त्यामुळे टाक्यांनी थोडी आवळली तरी फरक पडतो. म्हणून काही सर्जन मुलांमध्ये फक्त बोगदा कापून काढतात आणि जखम आतून बाहेर आपोआप भरू देतात. हवा कोंडण्याचा धोका त्यात कमी, पण वण थोडा रुंद राहतो. काही जण थरांनी शिवतात आणि हवा निघायला वाट ठेवतात. दोन्ही पद्धती मान्य आहेत. त्या सर्जनचा हात कशावर बसला आहे, हेही महत्त्वाचं. ऑपरेशनआधी झोपेतला श्वास तपासून घ्या. वाढलेले टॉन्सिल-ॲडेनॉइड (घशातल्या आणि नाकामागच्या गाठी) यांचा अडथळा भोक असेपर्यंत लपून राहतो.

भूल पूर्ण देतात की जागेवरची?

लहान भोक आणि समजूतदार मोठा माणूस असेल तर जागेवरची पुरते. एरवी पूर्ण. भूल उतरताना जोराचा खोकला येऊ नये, यासाठी भूलतज्ज्ञ खास काळजी घेतात.

ऑपरेशननंतर मानेत रबराची पट्टी का ठेवली आहे? आणि उशाशी पुन्हा नळी का?

ती पट्टी म्हणजे ड्रेन. आतल्या टाक्यांतून थोडी हवा निसटलीच तर तिला बाहेर यायला वाट हवी, नाहीतर ती कातडीखाली पसरते. एक-दोन दिवसांत काढतात. उशाशी ठेवलेली ट्रॅकिओस्टॉमीची नळी आणि साहित्य बघून नातेवाईक धास्तावतात. ती फक्त तयारी असते.

साधारण एक-दोन रात्री रुग्णालयात राहावं लागतं. नर्सबाई मधूनमधून मान दाबून बघतात, कारण कातडीखाली हवा शिरली की बोटाखाली कुरकुर लागते. तसं झालं तर वरचा एखादा टाका सैल करून हवेला वाट देतात. क्वचित हवा छातीत उतरते आणि फुप्फुसावर दाब येतो. त्यासाठी लगेच एक्स-रे काढतात. घरी गेल्यावर मान किंवा चेहरा सुजला, कुरकुर लागली, दम लागला, जखमेतून रक्त किंवा पू आला तर दुसऱ्या दिवसाच्या ओपीडीची वाट बघू नका. दम लागत असेल तर १०८ ला फोन करा.

घरी पथ्यपाणी काय?

खाण्याचं पथ्य फारसं नाही, पण ठसका लागेल असं पहिले काही दिवस नको: चिवडा, भडंग, फरसाण, कोरडे लाडू. मऊ भात, खिचडी, दूध-पोळी, अंडं चालत असेल तर अंडं. भात-आंबट बंद करायची गरज नाही. घरातल्या मोठ्यांना हे पटवणं कधी कधी ऑपरेशनपेक्षा अवघड जातं. जखम भरायला प्रथिनं लागतात, त्यामुळे या काळात एकादशी, चतुर्थी, गुरुवार थोडे बाजूला ठेवा. मधुमेह असेल तर साखर काटेकोर सांभाळा. तंबाखू, मिश्री, सिगारेट बंद.

खरं पथ्य आहे ते आतला दाब न वाढवण्याचं. खोकला आला तर तळहात पट्टीवर हलकेच दाबून धरा. शिंक तोंड उघडं ठेवून द्या, नाक जोरात शिंकरू नका. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका; कुंथण्यानेही दाब वाढतो, म्हणून इसबगोल घ्या. पाण्याची बादली, गॅसचा सिलिंडर उचलू नका. कपालभाती, भस्त्रिका, पूजेतला शंख, बासरी, फुगे फुगवणं हे सगळं डॉक्टर सांगेपर्यंत, साधारण महिना-दीड महिना बंद. अनुलोम-विलोम करण्याआधीही विचारा. रात्री सीपॅपचं (झोपेत श्वास अडू नये म्हणून दाबाने हवा देणारं) यंत्र लावणाऱ्यांनी ते कधी सुरू करायचं, हे ऑपरेशनच्या आधीच ठरवून घ्यावं.

बाहेरचे टाके साधारण आठवड्याने काढतात. तोवर आंघोळ मानेखालून.

आवाज पूर्ववत होईल का?

भोकातून हवा गळत होती म्हणून आवाज फुसका येत असेल, तर बहुधा लगेच सुधारतो. स्वरतंतूच दुबळे असतील तर भोक बुजल्याने तो भाग बरा होत नाही. त्यासाठी स्पीच थेरपी किंवा वेगळे उपचार लागतात. दुर्बिणीत हे आधीच कळतं.

पुन्हा भोक पडलं तर?

पडू शकतं. बहुधा टाक्याजवळ टाचणीच्या टोकाएवढं छिद्र राहतं आणि त्यातली बरीच छिद्रं काही आठवड्यांत आपोआप मिटतात. मोठं उघडलं तर घाई न करता आधी कारण शोधायचं. वरचा अडथळा तपासणीत नजरेतून सुटला होता का? जखमेत जंतू होते का? साखर वाढली होती का? सूज उतरल्यावर वेगळा फ्लॅप वापरून पुन्हा करता येतं.

काकांचं कर्करोगामुळे स्वरयंत्र काढलं आहे. त्यांचं भोकही बंद करता येईल?

नाही! पूर्ण स्वरयंत्र काढलेल्या माणसाची श्वासनलिका तोंड-नाकाशी जोडलेलीच नसते. गळ्यावरचं भोक हाच त्यांचा एकमेव श्वास. ते कधीही बंद करायचं नाही, झाकायचंही नाही. घरातल्या प्रत्येकाला, सांभाळणाऱ्या मावशींनाही हे सांगून ठेवा.

पाणी प्यायल्यावर तेच पाणी भोकातून येतं. यात तेही बरं होईल?

हे वेगळं आहे आणि लवकर दाखवायला हवं. एक तर गिळताना पाणी चुकून श्वासनलिकेत उतरत असेल, नाहीतर श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये छिद्र असेल. दोन्हींचे उपचार वेगळे, आणि आधी ते करायचे.

खर्च किती? विमा मिळतो का?

भोकाचा आकार, पद्धत आणि रुग्णालय यांवर सगळं अवलंबून असल्याने एक आकडा सांगणं म्हणजे फसवणूक होईल. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात खर्च अर्थातच कमी. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा विभागात रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन जा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमची शस्त्रक्रिया बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला ॲडमिट होण्याआधीच विचारा.

खासगी विम्यात एक खोच असते. "वण सुधारण्याची शस्त्रक्रिया" असं कागदावर गेलं की ते सौंदर्यासाठी आहे म्हणून दावा अडकतो. डॉक्टरांकडून पत्रात कारण नीट लिहून घ्या: हवेची गळती, वारंवार छातीचा संसर्ग, आवाज आणि खोकला दुबळा. सोबत दुर्बिणीचा अहवाल जोडा.

भोक बुजल्यावर पुढे कधी गरज पडली तर पुन्हा नळी घालता येते का?

हो. वणामुळे काम थोडं किचकट होतं, इतकंच. पुढे दाताचं, हर्नियाचं, गुडघ्याचं, कुठलंही ऑपरेशन ठरलं तरी भूलतज्ज्ञाला आधी ट्रॅकिओस्टॉमी झाली होती हे सांगा आणि जुनी डिस्चार्ज समरी दाखवा. तिचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा, कारण मूळ कागद ऐन वेळी सापडत नाही.